हेक्टरने स्वतःची शवपेटी केली

आर्डलॅरिक गावचा दुकानदार आणि सुतार हेक्टर गिलँडर्स वारला, आणि त्यानंतरही पंचवीसेक वर्षं तो शवपेट्या करत राहिला. कागदोपत्री तरी तसंच दिसतं. मेल्यानंतरची पहिली पेटी त्याने स्वतःचीच केली. ओकचं लाकूड, पितळी कड्या, आणि तिच्या कागदावर खाली ठसठशीत अक्षरात ‘बनवणारा : हेक्टर गिलँडर्स’. तारीख त्याच्या मरणाच्या दुसऱ्या दिवसाची. गावातल्या एकाही शहाण्याला यात काही वावगं वाटलं नाही.

तो कागद लिहिला होता त्याच्या मुलीने, एल्स्पेथने. पेटीही तिनेच केली होती. आता एकाहत्तराव्या वर्षी, बंद पडलेल्या दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहून तिने तो कागद पुन्हा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मेलेला माणूस रंधा मारतोय,” ती मोठ्याने म्हणाली. “आणि मी काय करत होते? स्कोन भाजत होते?”

ऐकायला दुकानात एकट्या मिस कॅरुथर्स होत्या. जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातून जुने कागद न्यायला त्या आल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवलेली, पन्नाशीची, बोलायला गोड बाई. चहाच्या लाकडी खोक्यांतून निघालेला एकेक कागद त्या असा धरत होत्या की जणू तो आत्ताच जन्मलाय. रॉकेल, साखर, मेंढ्यांना लावायचं औषध, खिडक्यांच्या चौकटी, बोटीची वल्ही, पाळणे आणि शवपेट्या. आर्डलॅरिकमध्ये माणूस जन्मल्यापासून पुरला जाईपर्यंत जे लागे ते याच एका दारातून बाहेर पडे, आणि त्या सगळ्याचे कागद इथे पडले होते.

मिस कॅरुथर्सनी पहिल्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवली होती. ‘हेक्टर गिलँडर्स आणि चिरंजीव, दुकानदार व सुतार.’

“ते चिरंजीव काढा,” एल्स्पेथ म्हणाली.

“तसं दुकानाच्या पाटीवरच आहे, मिस गिलँडर्स. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर छापलंय.”

“छापलंय ना. पण ह्या चिरंजीवांनी इथे एक खिळा ठोकला असेल तर मी त्या खोक्यात बसून तुमच्याबरोबर येते.”

मिस कॅरुथर्स हसल्या. एल्स्पेथ हसली नाही. तिने गल्ल्यातलं पेन उचललं, बापाच्या शवपेटीचा कागद पुढे ओढला आणि त्याच्या नावावर आडवी रेघ मारायला टोक टेकवलं, एवढ्यात मिस कॅरुथर्सनी कागदावर हात पालथा घातला.

“नको, नको! जुन्या कागदाला हात लावता येत नाही. ती खाडाखोड होईल.”

“खोटं मी लिहिलं ते अस्सल, आणि आता खरं लिहिते तर ती खाडाखोड?”

मिस कॅरुथर्सनी कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला. नियम काही त्यांनी केलेला नव्हता. पण त्या म्हणाल्या ते असं: कागदांच्या मालकाने सांगितलं आणि सही केली, तर खोक्यावरचं नाव त्या आनंदाने बदलतील. एल्स्पेथची हकिगतही लिहून घेतील, सोबत ठेवतील. पण नाव मालकाच्या सहीने.

आणि मालक होता मर्डो. एल्स्पेथचा थोरला भाऊ, उपरोल्लिखित चिरंजीव.

हेक्टरने मृत्युपत्रात दुकान, मागची सुतारशाळा आणि ‘त्यातलं सर्व काही’ मुलाच्या नावे केलं होतं. मुलीला लग्न होईपर्यंत तिथे राहायची मुभा. तिचं लग्न झालं नाही, त्यामुळे मुभा लांबत गेली. मर्डो पर्थला विमा कंपनीत टाय बांधून बसला, निवृत्त झाला, आणि आता त्याने दुकान एडिनबराच्या कुठल्याशा दांपत्याला सुट्टीतलं घर म्हणून विकून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा निदान बिळात येऊन राहतो तरी. यांनी तेही केलं नाही.

घर गेल्याचं एल्स्पेथला तेवढं लागलं नव्हतं. दगडी भिंती, ओल, आणि उत्तरेकडून येणारा वारा. ज्यांना हौस आहे त्यांनी भोगावं. तिला फक्त त्या खोक्यांवर स्वतःचं नाव हवं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

तिच्या विशीत हेक्टरचे हात थरथरायला लागले. आधी कप बशीवर वाजायला लागला, मग करवत रेघेवरून उतरायला लागली. गावात दुसरा सुतार नाही, आणि पुढचं गाव खाडीपलीकडे. पोरीने लहानपणापासून भुशात खेळता खेळता सगळं पाहिलेलं. हेक्टर म्हणाला, “आजच्या दिवस तू कर गं. दार लावून घे.” तो आजचा दिवस काही मावळला नाही.

तेव्हापासून हेक्टर पुढे गल्ल्यावर उभा, आणि मागे बंद दाराआड एल्स्पेथ. मेलेल्याचे खांदे येतात तिथे पेटीची फळी वाकवायची तर आतून करवतीचे काप घ्यायचे, वरून उकळतं पाणी ओतायचं, आणि जीव मुठीत धरून, लाकडाचे तंतू न तुटू देता ती वळवायची. सांधे राळेने बंद करायचे. नावाची पट्टी रंगवायची. कागद लिहायचा, तोही तिनेच, कारण कापऱ्या हाताने अक्षर कुठलं निघणार. आणि त्यावर नाव बापाचं.

गंमत अशी की लोक गल्ल्यापाशी हेक्टरशी गप्पा मारत उभे असायचे आणि मागून रंध्याचा आवाज येत असायचा. हेक्टर साखर तोलतोय, आणि हेक्टरच आत लाकूड तासतोय! तंबाखू घ्यायला आलेला माणूस कान देऊन ऐकायचा आणि हेक्टरच्या तोंडावर म्हणायचा, “आज काम जोरात दिसतंय, हेक्टर.” हेक्टर म्हणायचा, “हो ना, उसंत नाही.” मग दोघं हवापाण्याकडे वळायचे. याला तिथे सभ्यता म्हणतात. बाईने मेलेल्याला आंघोळ घालावी, पांढरे कपडे घालावेत, डोळ्यांवर नाणी ठेवावीत, हे सगळं चालतं. तिने हातोडी धरली की मात्र मेलेल्याची अब्रू जाते. कुणाचं हे तर्कशास्त्र, देव जाणे. बहुतेक त्यालाही ठाऊक नसावं.

आणि मग हेक्टर गेला. पेटी तिनेच केली. तिकडे दफनाच्या वेळी पेटीला आठ दोऱ्या असतात. प्रत्येक दोरीचा एक धनी असतो, त्याला आधी नंबराचं कार्ड द्यायचं, आणि त्या आठ जणांनी मिळून माणसाला मातीत उतरवायचं. ती कार्डं सुतारच लिहितो. म्हणजे तीही एल्स्पेथनेच लिहिली. एक नंबर, डोक्याकडची दोरी, मर्डोला. तो सकाळच्या गाडीने आला होता. बाकीच्या चुलतभावांना, शेजाऱ्यांना, चर्चच्या ज्येष्ठांना. आठवा माणूस कमी पडला. तेव्हा बिस्किटांच्या कंपनीचा फिरता विक्रेता, जो वर्षातून चारदा यायचा आणि प्रत्येक वेळी हेक्टरला ‘हॅरी’ म्हणायचा, तो नेमका गावात होता. त्याला आठवी दोरी दिली. पेटी जिने केली ती पोटची मुलगी स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी हॅम कापत उभी, कारण बायकांनी कबरीपाशी जायची रीत नव्हती. बिस्किटवाल्याची होती!

ते आठवीचं कार्डही खोक्यात होतं. मिस कॅरुथर्सना ते फार आवडलं.

हेक्टरनंतर तर पंचाईतच व्हायला हवी होती. पण गाव मोठं हुशार. “मर्डो अधूनमधून येऊन करून जातो म्हणे,” असं ठरलं. मर्डो यायचा नव्या वर्षाला, दोन दिवस, व्हिस्की पिऊन परत जायचा. त्या दोन दिवसांत त्याने वर्षभर मरणाऱ्यांच्या पेट्या आधीच अंदाजाने करून ठेवल्या असाव्यात. आणि एल्स्पेथ? तीही कागदावर ‘हेक्टर गिलँडर्स’ लिहीतच राहिली. हात वळणाला पडलेला. शिवाय दुसरं नाव लिहिलं असतं तर पेटी परत आली असती, आणि मेलेलं माणूस थांबून राहत नाही.

मर्डो गुरुवारी सही करायला येणार होता. त्याआधी बुधवारी एल्स्पेथ कोट चढवून फार्कर मॅकास्किलकडे गेली. फार्कर चर्चमधला ज्येष्ठ, म्हणजे तिथल्या पंचांपैकी एक, आणि मर्डोचा लहानपणचा दोस्त. त्याने दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर मर्डोला नाही म्हणणं जड गेलं असतं. फार्करची आई आणि बायको, दोघींच्या पेट्या एल्स्पेथच्या हातच्या.

फार्करने चुलीत पीटचा, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, तुकडा सारला, चहा ओतला, ओटच्या भाकऱ्या पुढे ठेवल्या आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

“अगं पण एल्स्पेथ, सगळ्या गावाला माहीत आहे.”

“मग दे लिहून.”

“सगळ्यांना माहीत आहे ते लिहायचं कशाला?”

“कारण ज्यांना माहीत आहे ते सगळे मरायला टेकलेत. तू तर पहिल्या रांगेत आहेस, फार्कर.”

“हे बघ, चिडू नकोस. आपण काय तुझ्याबद्दल वाईट बोललो कधी? उलट सांभाळून घेतलं.”

“मला?”

“तुला, हेक्टरला, सगळ्यांनाच. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ तुमची रे. आत बोटं माझी चेंगरली.”

फार्करने दाढी खाजवली. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं.

“मी चर्चचा ज्येष्ठ,” तो हळूच म्हणाला. “माझ्या आईला बाईच्या हातच्या पेटीत पुरलं, असं माझ्या सहीनं लिहून देऊ? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? ज्यांना सगळं माहीत आहे तेच ना?”

“तरी पण.”

“तुझी आई बारा दिवसांच्या पावसात पुरली आपण. पेटीत थेंब गेला नाही. तेव्हा माझा हात धरून काय म्हणाला होतास? ‘हेक्टरला सांग, देव त्याचं भलं करो.’ तेव्हा हेक्टर मरून चार वर्षं झाली होती, फार्कर!”

फार्करने भाकऱ्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली. एल्स्पेथ उठली. तिने चहाला ओठ लावला नव्हता. आर्डलॅरिकमध्ये कुणाच्या घरून चहा न पिता उठणं म्हणजे त्याच्या उंबऱ्यावर थुंकण्यासारखं. तिला ते पुरतं ठाऊक होतं. भरलेला कप तिने उचलून बशीसकट चुलीच्या कट्ट्यावर ठेवला, त्याला नीट दिसेल असा, आणि बाहेर पडली.

मर्डो टपालाच्या बसने आला. नवा ट्वीडचा कोट, चकचकीत बूट, हातात पर्थच्या बेकरीतला केक. बहिणीच्या गालाला गाल लावून तो म्हणाला, “एल्सी, मी ऐकलं हं. फार्करनं फोन केला.”

म्हणजे लिहायला हात उठत नव्हता, पण फोन फिरवायला उठला.

“मग काय ठरवलंस?” तिने विचारलं.

“अगं, बाबांचं नाव आहे ते. दफ्तरखान्यात कायमचं राहणार. तिथं आता आपण लिहायचं की बाबांच्या हातून काही होत नव्हतं?”

“होत नव्हतंच.”

“त्यांचा मान...”

“त्यांचा मान मी ठेवला, मर्डो. इतकी वर्षं ठेवला. आता तो उतरवून थोडा माझ्या वाट्याला येऊ दे एवढंच म्हणते. त्यांचं नाव काढू नको. चिरंजीव काढ.”

इथे मर्डोचा चेहरा उतरला. बाबांच्या मानाची बात निघेपर्यंत ठीक होतं. चिरंजीव म्हटल्यावर लागलं. कारण पर्थमध्ये तो लोकांना सांगत असे, ‘आमचा पिढीजात सुतारकीचा धंदा. मीही त्यातलाच.’ क्लबात त्याला मर्डो सुतार म्हणून ओळखत होते म्हणे. फोटोसाठी त्याने एकदा रंधाही नेला होता इथून. तो परत आला नाही.

“तसं नाही करता येणार,” तो म्हणाला, आणि केकची दोरी सोडायला लागला.

एल्स्पेथ मागच्या सुतारशाळेत जाऊन कामाच्या बाकावर बसली. मधलं दार मात्र लावलं नाही.

मिस कॅरुथर्सनी गल्ल्यावर कागद मांडले, आणि त्यांच्या शेजारी एक ध्वनिमुद्रक ठेवला. कागद ताब्यात घेताना धंद्यातल्या माणसाच्या तोंडून थोडी माहिती टेपवर घ्यायची, अशी त्यांच्याकडे पद्धत होती. एल्स्पेथने आदल्या दिवशी नकार दिला होता. म्हणाली होती, मालकाला विचारा. मर्डोला हे कळल्यावर तो एकदम खुलला. कोट सारखा केला, घसा साफ केला. मिस कॅरुथर्सनी कळ दाबली.

“मिस्टर गिलँडर्स, तुम्ही या पेढीतले चिरंजीव?”

“होय. मर्डो गिलँडर्स. आमचा पिढीजात धंदा.”

“छान. शवपेटीची बाजूची फळी खांद्याशी वळलेली असते. ती तुम्ही कशी वाकवत होता?”

“ती... पद्धतशीर. सावकाश. घाई करून चालत नाही त्या कामात.” मर्डो हसला. मग त्याने मान मागे वळवली. “एल्सी? ते आपण कसं करायचो गं?”

आयुष्यभर हेच चाललं होतं. पुढच्या माणसाने मान वळवायची आणि मागून हिने सांगायचं. किंमत, लाकडाचं नाव, कुणाच्या बापाची उंची, कुणाच्या विधवेला काय बोलायचं. पुढच्या तोंडातून ते बाहेर पडलं की ते त्याचं. एल्स्पेथ बाकावर बसून होती. तिच्या जिभेवर उत्तर आलंही होतं, सवयच ती. तिने दात दाबून धरले.

“एल्सी?”

तिने बाकावरचा भुसा हाताने झाडला.

“तिला ऐकू कमी येतं हल्ली,” मर्डो मिस कॅरुथर्सना म्हणाला.

“हरकत नाही,” मिस कॅरुथर्स म्हणाल्या. त्यांना कुणाला पेचात पकडायचं नव्हतं. त्या आपल्या कामाचे प्रश्न विचारत होत्या. “लाकूड कुठून यायचं?”

“बोटीनं.”

“कुठल्या वखारीतून?”

मर्डोने पुन्हा मागे पाहिलं. या वेळी एल्स्पेथने त्याच्या नजरेला नजर दिली. तिला ऐकू येत होतं, चांगलं येत होतं, हे त्याला दिसलं. ती सांगणार नव्हती हेही दिसलं.

“तुम्ही केलेली एखादी पेटी आठवते?” मिस कॅरुथर्सनी विचारलं. “तुमच्या वडिलांची तुम्हीच केली असेल.”

टेपची चाकं फिरत होती. मर्डोच्या मानेवर कॉलरच्या वर लाल पट्टा उमटला. खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती, पण काय खोटं बोलायचं हे ठाऊक असायला हवं ना. बापाची पेटी ओकची की पाइनची, एवढंसुद्धा त्याला आठवेना. एक नंबरची दोरी त्याच्याच हातात होती.

“ते काम...” तो म्हणाला. “ते ती बघायची.”

“ती म्हणजे?”

“बहीण.”

“नाव सांगाल? टेपवर यायला हवं.”

“एल्स्पेथ. एल्स्पेथ गिलँडर्स.”

“आणि त्या काय करायच्या?”

“मदत करायची,” मर्डो म्हणाला. “बाबांना.”

बाकावरून एल्स्पेथ उठली तो आवाज टेपवर आहे. मधल्या दारात तिच्या बुटांचा आवाज आहे, आणि मग तिचा, इतका मोठा की मिस कॅरुथर्सना आवाजाचं बटण कमी करावं लागलं.

“मदत? बाबांना? बाबा पेटीच्या आत होते, मर्डो! आत! त्यांनी आतून धरलं आणि मी बाहेरून ठोकलं का?”

पुढे दुकानाच्या खिडकीवर पाऊस वाजतो. मग मर्डोचा आवाज आहे, पर्थचं वळण गळून पडलेला, लहानपणी होता तसा गावठी.

“सुतार होती ती. सगळ्या पेट्या तिनंच केल्या. बाबांचीसुद्धा. मी नाही. मला करताच येत नाही.”

मिस कॅरुथर्सनी टेप बंद केली, नवी चिठ्ठी काढली आणि त्याच्यापुढे सरकवली. त्याने ‘हेक्टर आणि एल्स्पेथ गिलँडर्स, सुतार’ असं लिहिलं, खाली सही केली, आणि वर मान करून बहिणीकडे पाहिलं. तिने आभार मानावेत, निदान हसावं, अशी त्याची अपेक्षा असावी.

एल्स्पेथने चिठ्ठी उचलून एकेक अक्षर वाचलं. ती बाकीच्या खोक्यांकडे वळली. बारा खोकी भिंतीशी उभी होती आणि प्रत्येकावर अजून चिरंजीव चिकटलेले होते.

“ही एक झाली,” ती म्हणाली. “लिही पुढची.”